मसाफीच्या रस्त्यावर बसलेली गाडी

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी शारजात, रोल्लातल्या आमच्या इमारतीखाली गाडीत बसून होतो आणि गाडी उभी राहण्याची वाट बघत होतो. वाचकांना हे उफराटं वाटेल. पण आमची गाडी रात्रभरात बसायची. संध्याकाळी ताठ मानेनं उभी केलेली गाडी सकाळी पोट जमिनीला टेकवून बसलेली असायची, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. चाकांवर पोलादी स्प्रिंगांच्या जागी चार रबरी फुगे होते. त्यांत पंपानं हवा भरायची, मग गाडी वर यायची. आणि ते फुगे म्हातारे झाले होते. म्हणून रोज शेजारीपाजारी खाली उतरायच्या आत मी लुंगीवरच खाली यायचो, इंजिन चालू करायचो आणि पंपाची घरघर ऐकत पाच-सात मिनिटं काढायचो. आधी मागची बाजू उठायची, मग पुढची. ती पुरती उभी राहिली की मी वर जाऊन चहा घ्यायचो. आठ महिने हे असं चाललं होतं, आणि इमारतीत कुणाला काही कळलेलं नाही असा माझा समज होता.

ही गाडी म्हणजे वाळवंटात आणि दरबारात सारखीच शोभणारी इंग्रजी बनावटीची आलिशान जीप. आत चामड्याच्या खुर्च्या, लाकडाची पट्टी, गाडी उंच-ठेंगणी करायची बटणं. मी ती एका इंग्रज इंजिनिअरकडून घेतली. तो मायदेशी चालला होता. मी दोनदा बघायला गेलो आणि दोन्ही वेळा त्यानं गाडी आधीच चालू करून ठेवली होती. मी तो इंग्रजी शिष्टाचार समजलो. अठ्ठावीस हजार दिरहॅम म्हटल्यावर माझी बायको मेघना म्हणाली, "म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख! एवढ्यात पुण्यात वन रूम किचन येईल." मी म्हटलं, हौसेला मोल नसतं. पूजेच्या दिवशी तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, कुंकू लावलं आणि मी इंजिन बंद केलं. तर गाडीनं फुस्स करून पुढची बाजू हळूच खाली केली. मेघना हात जोडूनच म्हणाली, "बघा, गाडी पण नमस्कार करतेय." त्या दिवशी मी हसलो. पुढं हसू आलं नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मी किल्लीसकट विकत घेतला होता.

एजन्सीत दाखवली तर त्यांनी नवीन फुग्यांचा जो भाव सांगितला तो मी घरी सांगितलाच नाही. मग कुणीतरी रास अल खोरचा रस्ता दाखवला. दुबईच्या त्या भागात गॅरेजांच्या रांगाच्या रांगा आहेत. पत्र्याच्या शेड, ऑइलनं काळी पडलेली वाळू, रेडिओवर चार भाषांतली गाणी. एका शेडमध्ये मी मुल्किया (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) पुढं केला. मेकॅनिकनं हात फडक्याला पुसून त्यावरचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"तू आमच्या तात्यांचा राजू ना रे?"

तो महादेव होता. रत्नागिरीच्या एसटी डेपोत माझे वडील, तात्या, मेकॅनिक होते. महादेव सतरा-अठरा वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली काम शिकायला आला होता. आम्ही डेपोमागच्या चाळीत राहायचो. मी तेव्हा आठ वर्षांचा. हा मला खांद्यावर घेऊन बसच्या टपावर चढवायचा, हे त्यालाच आठवत होतं. मला त्याचे फक्त ग्रीसचे हात आठवत होते. मी त्याला महादूदादा म्हणायला लागलो. आठवड्या-पंधरवड्यानं गाडी घेऊन जायचो, तो चिरलेल्या रबराला डिंक-पट्ट्या लावायचा, पंप उघडून आतलं पाणी काढायचा आणि मजुरी घ्यायचा नाही. "तात्यांनी मला पाना धरायला शिकवला. तुझ्याकडनं काय घेऊ?" गणपतीत तो आमच्या घरी जेवून गेला होता. मेघना त्याला भाऊच मानायची.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल. रोल्लात आणि दुबईत जे आमचं मराठी मंडळ होतं, त्यात बँकेतले, मोठ्या कंपन्यांतले लोक होते. पार्ल्याचे, डेक्कनचे, दादरचे. त्यांच्यात मी वडील एसटीत होते असं सांगताना पुढं 'अधिकारी' हा शब्द जोडला होता. एकदा जोडला आणि मग तो काढता येईना. गाडी एजन्सीत सर्व्हिस होते, हेही जोडलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्या शुक्रवारी आम्ही फुजैराच्या बाजूला निघालो होतो. बरोबर सबनीस पतिपत्नी. सबनीस बँकेत वरच्या हुद्द्यावर, पार्ल्याचे, बोलायला सज्जन. मेघनाही येणार होती, पण आमच्या सईला कांजिण्या आल्या. मग मेघनानं पहाटे उठून चौघांना पुरून उरेल एवढं करून दिलं: घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या, दहीभात. सई पलंगावरून ओरडली, "बाबा, डोन्ट लेट द कार सिट डाउन!" मी दार ओढून घेतलं.

शारजा सोडलं की अर्ध्या तासात वाळूचा रंग बदलतो. आधी फिकट, मग धैदजवळ विटकरी. वाळूत एखादं एकटं घाफचं झाड (आपली शमीच) आणि त्याखाली दुपारच्या सावलीची जागा धरून बसलेले उंट. धैदला खजुराच्या बागा, पाण्याचे पाट, हिरवी पालेभाजी. सबनीसांनी काच खाली केली. शैलावहिनी म्हणाल्या, "अहो, कोल्हापूरला आल्यासारखं वाटतंय." मग एकदम समोर डोंगर. झाड नाही, गवत नाही, नुसता करडा, तपकिरी दगड. दुरून डोंगर साजरे हे या डोंगरांना लागू नाही. ते जवळून जास्त चांगले दिसतात, कारण जवळ गेल्यावर त्यांच्यातले हिरवे आणि जांभळे पट्टे दिसायला लागतात. सबनीस म्हणाले, "काय स्मूथ चाललीय हो गाडी! पोटातलं पाणी हलत नाही." हे खरं होतं. फुग्यांत हवा असेपर्यंत त्या गाडीसारखं सुख नव्हतं. मी फुशारून गेलो.

मसाफीला रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शुक्रवारचा बाजार. नाव शुक्रवारचं असलं तरी रोज भरतो. गालिचे टांगलेले, मातीची मडकी, कुंड्यांतली रोपं, निखाऱ्यावर भाजलेली कणसं. सबनीसांनी एका पठाणाकडे गालिच्याची घासाघीस सुरू केली.

"आखिरी कितना?"

"साब, आप के लिए तीन सौ."

"तीनशे म्हणजे छत्तीसशे रुपये," सबनीस आम्हाला म्हणाले, आणि मग पठाणाला, "डेढ सौ."

पठाण हसला, त्यानं आम्हाला सुलेमानी (बिनदुधाचा चहा) पाजला आणि गालिचा दिला नाही. आम्ही लिंबू-मीठ लावलेली कणसं खाल्ली. इथवर सगळं उत्तम होतं, आणि इथूनच सरळ डांबरी रस्त्यानं खाली फुजैराला समुद्रावर गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मसाफी सोडल्यावर उजवीकडे एक वादी (डोंगरातला कोरडा ओढा) दिसली आणि मला गाडी दाखवायची हुक्की आली. "थांबा, आता मजा बघा," असं म्हणून मी रस्ता सोडला, गोट्यांत गाडी घातली आणि सर्वांत वरच्या उंचीचं बटण दाबलं. महादूदादानं मला हात जोडून सांगितलं होतं की त्या बटणाला हात लावू नकोस, जुनं रबर ताणलं की घडीवर फाटतं. गाडी ऐटीत वर आली. शैलावहिनी "अगंबाई!" म्हणाल्या. आम्ही शंभर-दीडशे पावलं गेलो. मग मागून फाट्कन आवाज आला, त्यामागोमाग लांब उसासा, आणि गाडीचं मागचं अंग आम्हाला तिघांना घेऊन खाली बसलं. चाकं मडगार्डला घासायला लागली. पंप घरघरत राहिला आणि थोड्या वेळानं तोही गप्प झाला.

सबनीस उतरले, गाडीकडे बघून म्हणाले, "मग एजन्सीला फोन करा. त्यांचा माणूस येईल ना?"

"येईल की," मी म्हणालो.

मोबाइलला डोंगरात रेंज नव्हती. इतक्यात एक म्हातारा बदू (वाळवंटातला अरब) पिकअपमधून आला. मागं चार बकऱ्या. त्यानं काच खाली करून गाडीकडे पाहिलं.

"सय्यारा ताबान?" (गाडी दमली?)

"ताबान," मी म्हणालो.

"माफी मुश्किल (काही अडचण नाही). यल्ला, चलो," असं म्हणत त्यानं मला शेजारी बसवलं, मूठभर खजूर माझ्या हातात कोंबले आणि बाजारातल्या किराणा दुकानापर्यंत सोडलं. त्याला पैसे देऊ केले तर रागावला. तिथल्या फोनवरून मी गॅरेजवाल्यांच्या खोलीवर फोन लावला. खोलीत आठजण राहायचे आणि शुक्रवारी पाळीनं एकजण सगळ्यांचं मटण करायचा. महादूदादाचाच आवाज आला.

"दादा, गाडी बसली. मसाफीच्या पुढं, वादीत."

"वरचं बटण दाबलंस?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"असू दे. बरोबर कोण हाय? पोरगी हाय?"

"नाही. ओळखीचे लोक आहेत."

"मग घाबरू नको. आज माझी पाळी हाय जेवणाची, कांदा भाजून झालाय. दुसऱ्याच्या हातात देतो नि निघतो. पाणी हाय ना तुमच्याकडं?"

मी परत आलो. दीड-दोन तास वाट बघायची होती. आम्ही एका बाभळीसारख्या झाडाखाली चादर पसरून जेवलो. सबनीसांना भाजी फार आवडली. त्यांनी माझ्या वडिलांविषयी विचारलं. अधिकारी म्हणजे नक्की कुठल्या पदावर, रत्नागिरी डिव्हिजनला का, बंगला होता का. मी उत्तरं देत गेलो. बंगलासुद्धा दिला. आणि देता देता मला कळलं की महादूदादा येईल तो उतरल्याबरोबर 'राजू' म्हणेल आणि दुसऱ्या वाक्यात तात्यांचं नाव घेईल. त्याला माझ्याशी तात्यांशिवाय बोलताच येत नव्हतं.

धुळीचा लोट दिसला. गॅरेजची पिकअप. महादूदादा उतरला, घामानं भिजलेला, आणि मला बघून तोंडभर हसला. त्याचं तोंड उघडायच्या आत मी पुढं धावलो आणि मोठ्यानं, सबनीसांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो,

"आओ भाई! इतना देर क्यों लगाया?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं झाडाखाली पाहिलं. चादर, डबे, सबनीसांचा गॉगल. त्याचं हसू गेलं नाही, फक्त लहान झालं.

"सॉरी साहब," तो म्हणाला. "ट्रैफिक था."

शुक्रवारी दुपारी धैदच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

तो गाडीखाली गेला. मी तिथंच उभा राहिलो, आणि सबनीसही येऊन उभे राहिले. आपली भाषा या माणसाला कळत नाही असं धरून ते आपलेपणानं मराठीत म्हणाले, "पार्ट नीट बघून घ्या हं. हे लोक कधीकधी जुनाच बसवतात."

"हो, लक्ष आहे माझं," मी म्हणालो.

"तुमच्या वडिलांच्या हाताखाली असले किती मेकॅनिक असतील नाही?"

"असतील पन्नासेक."

गाडीखाली पान्याचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. महादूदादाचे फक्त पाय बाहेर होते. झिजलेल्या चपला, टाचांना भेगा. मला वाटलं, आता तो बाहेर येईल आणि बोलेल. मी त्याची वाट बघत होतो असंही म्हणता येईल. तो आला नाही.

शैलावहिनी झाडाखालून म्हणाल्या, "अहो, एवढं जेवण उरलंय. त्या माणसाला द्यायचं का? लांबून आलाय बिचारा." त्यांनी डब्याचं झाकण उघडूनही ठेवलं. वड्या होत्या, पोळ्या होत्या.

आणि मी म्हणालो, "नको वहिनी, या लोकांना आपलं जेवण चालत नाही."

हे मला सबनीसांनी म्हणायला लावलं नव्हतं. शैलावहिनी तर द्यायलाच निघाल्या होत्या. मला एवढीच भीती होती की ताट हातात घेऊन तो खाली बसला की मराठीत बोलेल. 'वहिनी, वड्या मेघनावहिनीच्याच ना?' असं काहीतरी म्हणेल. कांदा भाजून, मटण दुसऱ्याच्या हाती देऊन, उपाशी आलेल्या माणसाला मी उपाशी ठेवलं, तेही त्याला समजेल अशा भाषेत सांगून.

फुगा फाटला होता, पण तो घडीवर थोडासाच. त्यानं त्यावर रबर बांधलं, हवेची नळी कापून तिला टायरचा वाल्व बसवला आणि पिकअपवरच्या पंपानं हवा भरली. गाडी हळूहळू उठली. सबनीसांनी टाळ्या वाजवल्या. "वा! एजन्सीचा माणूस तो एजन्सीचा माणूस." महादूदादाच्या शर्टावर गॅरेजचंही नाव नव्हतं.

त्यानं हात वाळूनं घासले आणि मला वाल्व दाखवला. "साहब, अब हवा जाएगा तो पेट्रोल पंप पे टायर के माफिक भरने का. किसी को बुलाने का जरूरत नहीं."

"शुक्रिया," मी म्हणालो. मी माझ्या वडिलांच्या शिष्याला शुक्रिया म्हणालो.

तो पिकअपमध्ये बसला आणि गेला. समुद्र राहिलाच. आम्ही हळूहळू परत फिरलो. डोंगरांचे ते जांभळे पट्टे संध्याकाळी फार सुंदर दिसतात, असं शैलावहिनी म्हणत होत्या. मी बघितले नाहीत. धैदजवळ एका चहाच्या टपरीशी महादूदादाची पिकअप उभी दिसली. तो बाकावर बसून पाव चहात बुडवून खात होता. मी गाडी थांबवली नाही. वेगसुद्धा कमी केला नाही, आणि खरं तर त्या गाडीला वेग कमी ठेवायला त्यानंच बजावलं होतं.

घरी आल्यावर सगळी हकिगत सांगताना मी मेघनाला म्हणालो की दादा आले, तासाभरात गाडी उभी केली.

"आणि जेवले ना? एवढं उरलंय कसं?"

"जेवले," मी म्हणालो. "कमी जेवले."

तिनं डबे घासायला टाकले. तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी रास अल खोरला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. शेडमध्ये महादूदादा खेडच्या एका फिटरशी मराठीत काहीतरी बोलून मोठ्यानं हसत होता. मला बघून तो पुढं आला.

"दादा, काल चुकलं माझं."

"नहीं साहब, कुछ नहीं हुआ. गाड़ी का चाबी दीजिए."

"दादा, मराठीत बोल ना. मी राजू आहे."

त्यानं माझ्याकडे राग नसलेल्या डोळ्यांनी पाहिलं. राग असता तर मला काही करता आलं असतं. "साहब, इधर कस्टमर लोग आते हैं," तो म्हणाला. "सब से हिंदी में ही बात करता हूँ." मग मागं वळून त्या खेडवाल्याला मराठीत म्हणाला, "अरे, तेरा नंबरचा पाना दे." गाडीचं काम त्यानं नेहमीसारखं चोख केलं, त्या दिवशीही आणि पुढंही. मी आणखी वर्षभर तिथं जात राहिलो. खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. माझ्या मराठीला त्याचं हिंदी उत्तर असायचं, आदरानं दिलेलं. मेघनानं पुढच्या गणपतीत बोलावलं तर कामाचं निमित्त सांगून आला नाही. मग मी गाडी विकली. गिऱ्हाईक दोनदा बघायला आलं, आणि दोन्ही वेळा ते यायच्या आधी मी ती चालू करून ठेवली होती, हेही लिहून टाकतो.

प्रवासवर्णन लिहिणारा माणूस आपण काय काय पाहिलं ते घरच्यांना सांगतो. मीही वाळूचे रंग सांगितले, बाजार सांगितला, तो भला बदू सांगितला. पण त्या दिवसातलं मला नीट आठवतं ते एवढंच, की गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय होते आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून खोटं बोलत होतो. माणूस परदेशात मोठा होतो म्हणतात. मी तिथं किती लहान होऊ शकतो ते मला कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण सहज म्हणतो. मला ते अजून कधीकधी मनापासून वाटतं.

त्या सहलीनंतर महिनाभरानं मी रत्नागिरीला फोन केला होता. तात्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोनवर ओरडून बोलायचे.

"महादूचं पत्र आलंय!" ते म्हणाले. "थांब, वाचतो. 'राजूनं शुक्रवारी डोंगरात फिरायला नेलं. त्याचे मोठे साहेब मित्र बरोबर होते. सगळ्यांबरोबर झाडाखाली बसून जेवलो. वहिनीच्या हातच्या वड्या होत्या. तात्या, पोरगं तुमच्या वळणावर गेलंय.'"

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"बरं केलंस हो," तात्या म्हणाले. "लोक मोठे झाले की आपली माणसं विसरतात. तू जेवायला घातलंस त्याला."

मी हो म्हणालो. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. महादूदादाला मी त्या दिवशी माझ्या हातानं वाढलं, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.